एका ‘बार’चे बारा अर्थ: छोट्या इंग्रजी शब्दाचं कूळ कसं शोधावं

सोन्याचा बार, साबणाचा बार, बारमध्ये बसलेला माणूस, बारमध्ये नाव नोंदवलेला वकील, बारकोड, संगणकावरचा स्पेसबार आणि टायरमधली २.२ बार हवा. सात ठिकाणी तोच तीन अक्षरांचा शब्द. हे सगळे एका आईचे, की नुसते नावाचे सारखे?

लांबलचक इंग्रजी शब्दाचं मूळ शोधणं त्या मानाने सोपं असतं. कोश उघडावा, लॅटिन किंवा ग्रीक तुकडे दिसतात, जुळवले की काम संपतं. घाम फुटतो तो अशा चिमुकल्या शब्दांपायी. ते शेकडो वर्षं रोज वापरात असतात आणि त्यामुळे त्यांच्या अर्थांना फांद्या फुटत राहतात. भरीला त्यांच्यासारखाच दिसणारा एखादा परका शब्द गर्दीत मिसळून जातो, आणि कुणीतरी त्यांच्यावर एखादी चटकदार गोष्टही रचून ठेवलेली असते.

खालची पद्धत अशा कुठल्याही शब्दाला लावता येते. उदाहरण म्हणून ‘बार’ शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे. एका शब्दाला दोन-तीन तास धरा, आणि त्यातला निम्मा वेळ पहिल्या दोन पायऱ्यांना द्या. नवखे लोक या पायऱ्या ओलांडून थेट ‘मूळ काय’ यावर उडी मारतात आणि तिथेच फसतात.

लागणारं सामान

- वही किंवा तक्ता, पाच रकान्यांचा: वाक्य, मराठी अर्थ, शब्दाची जात (नाम, क्रियापद वगैरे), सर्वांत जुनी नोंद, आणि हा अर्थ कुठल्या आधीच्या अर्थातून निघाला.
- एक ऐतिहासिक कोश. इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. दप्तरात मावणारी ऑक्सफर्डची छोटी आवृत्ती इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात तारखा आणि जुनी वाक्यं नसतात. मोठ्या कोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघाली, दुसरी १९८९ मध्ये २० खंडांत. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते; मोठ्या ग्रंथालयाचे किंवा विद्यापीठाचे सभासद असाल तर तिथून ती बहुधा उघडता येते.
- एटिमॉनलाइन हा मोफत व्युत्पत्तिकोश, आणि जोडीला विक्शनरी.
- मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी. हीसुद्धा मोफत आहे. साधारण ११०० ते १५०० या काळातल्या इंग्रजीसाठी हिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची. ऑनलाइन फुकट पाहता येते. इंग्रजी शब्दासाठी मराठी कोश कशाला, ते सातव्या पायरीत कळेल.

१. आधी वाक्यं जमवा

कोश बंद ठेवा. शब्द वापरलेली निदान बारा वाक्यं स्वतः लिहून काढा. नुसता शब्द लिहू नका, वाक्यच लिहा, कारण शब्दाला अर्थ येतो तो शेजाऱ्यांमुळे. मग प्रत्येक वाक्यातल्या त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधा. भाषांतरासारखी दुसरी चाळणी नाही. जिथे मराठीला वेगळा शब्द घ्यावा लागतो, तिथे अर्थ वेगळा आहे असं तूर्त समजावं.

‘बार’ला हे करून पाहिलं की मराठी किती शब्द बाहेर काढते बघा. दाराला लावायचा तो अडसर. खिडकीचा गज. साबणाची वडी. सोन्याची लगड. खणायची ती पहार, म्हणजे क्रोबार. संगणकाच्या पडद्यावरची पट्टी. नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा. कोर्टातला कठडा. वकीलवर्ग. दारूचा गुत्ता. पाश्चात्त्य संगीतातला तालाचा एक खंड. ‘बार वन’ म्हणताना ‘एक सोडून’. आणि दाबाचं एकक, ज्याला मराठीत प्रतिशब्दच नाही. तेरा झाले.

क्रियापदं विसरू नका. कुणाला आत यायला मज्जाव करणं, वकिलाची सनद काढून घेणं, या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत हाच शब्द क्रियापद म्हणून येतो.

२. शब्द एक आहे की अनेक, ते ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एका शब्दाचे अनेक अर्थ असणं वेगळं आणि अनेक शब्द योगायोगाने सारखे दिसणं वेगळं. आपल्याकडचं उदाहरण घ्या: ‘कर’ म्हणजे हात, आणि ‘कर’ हा ‘करणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ. दोघांचा काही संबंध लावायच्या आधी विचारावं लागतं की संबंध आहे का.

चांगल्या कोशात ही वाटणी करून ठेवलेली असते. शब्दाच्या डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे दिसतात, किंवा एकाच शब्दाच्या स्वतंत्र नोंदी एकाखाली एक येतात. इंग्रजीतला ‘पाउंड’ याचा उत्तम नमुना आहे. वजनाचा पाउंड लॅटिन ‘पोंडो’वरून आला. मोकाट जनावरांचा कोंडवाडा या अर्थाचा पाउंड जुन्या इंग्रजीतल्या ‘पुंड’वरून. आणि कुटणे या अर्थाचा पाउंड जुन्या इंग्रजीतल्या ‘पुनियन’ या क्रियापदावरून. तीन पाहुणे, तीन गावांचे, आणि कपडे तेवढे एकसारखे. ‘बॅट’चंही तेच. खेळाची बॅट सोट्याच्या अर्थाच्या जुन्या शब्दातून आली, तर वटवाघळाचं नाव मध्ययुगात ‘बॅक’सारखं उच्चारलं जाई आणि ते स्कँडिनेव्हियाकडून आलेलं आहे.

सापळा: काही कोश नुसत्या सोयीसाठीही नोंदी वेगळ्या करतात. एटिमॉनलाइनवर दांड्याचा, गुत्त्याचा आणि वकिलांचा बार वेगवेगळ्या नोंदींत आहेत, पण तिन्हींचं मूळ एकच. म्हणून आकडा बघून थांबू नका, नोंदीची पहिली ओळ वाचा. ‘वरीलपैकी पहिल्या शब्दावरून’ असा उल्लेख असेल तर ते एकाच घरातले. थेट दुसऱ्या भाषेचं नाव असेल तर घर वेगळं.

ही चाळणी लावली की आपल्या यादीतले बारा अर्थ एका घरचे निघतात आणि एक परका ठरतो. परका म्हणजे दाबाचा बार. तो कुठून आला हे पुढे पाहू. सध्या त्याला वहीच्या वेगळ्या पानावर लिहा.

३. नोंद वाचायला शिका

व्युत्पत्तीची ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला गणितासारखी दिसते. सात-आठ खुणा कळल्या की ती सरळ वाचता येते.

ओई म्हणजे जुनी इंग्रजी, ढोबळमानाने ११५० पूर्वीची. एमई म्हणजे त्यानंतरची, १५०० पर्यंतची मध्य इंग्रजी. ओएफ म्हणजे जुनी फ्रेंच, ओएन म्हणजे जुनी नॉर्स, स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा. सालाआधी नुसता ‘सी’ असेल तर ‘सुमारे’, ‘ए’ असेल तर ‘त्या सालाआधी’. ऑक्सफर्डमध्ये शब्दाच्या आधी छोटा खंजीर काढलेला असेल तर तो अर्थ आता मेलेला आहे.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे तारांकन. एखाद्या मूळ शब्दाआधी तारा असेल तर तो शब्द कुठल्याही कागदावर सापडलेला नाही. नंतरच्या भाषांमधली रूपं पाहून विद्वानांनी तो असा असावा असं ठरवलं आहे. ‘बार’च्या नोंदीत हे अगदी स्वच्छ दिसतं. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंच ‘बार्’वरून आला, १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांसोबत फ्रेंच शब्दांची जी रीघ लागली त्यातच. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आजही ‘बार्रा’ आहे. या सगळ्यांवरून बोली लॅटिनमध्ये ‘बार्रा’ असावा असं मानतात, आणि त्याच्या डोक्यावर तारा असतो. त्याच्या मागे काय, यावर मतभेद आहेत; गॉलमधल्या, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या, केल्टिक भाषेचं नाव काही जण घेतात. तुमच्या टिपणात तेवढंच लिहा. ‘यापुढे मूळ अनिश्चित’ हे उत्तर कमीपणाचं नाही. लोकांना ते आवडत नाही ही गोष्ट वेगळी.

आणखी एक: ऑक्सफर्डच्या ऑनलाइन नोंदीवर ती शेवटची कधी सुधारली ते दिलेलं असतं. काही नोंदी अजून एकोणिसाव्या शतकातल्याच आहेत. तशी नोंद असेल तर दुसऱ्या कोशाशी ताडून पाहा.

४. तारखांची उतरंड लावा

प्रत्येक अर्थाची सर्वांत जुनी नोंद शोधा आणि अर्थ त्या क्रमाने पुन्हा लिहा. ‘बार’ची उतरंड ढोबळपणे अशी दिसते:

- १२व्या शतकाची अखेर: दार-फाटक बंद करायचा अडसर
- १४वं शतक: कोर्टातला कठडा
- १५५० च्या आसपास: वकीलवर्ग, ‘बॅरिस्टर’ हा शब्द त्याच्या किंचित आधीचा, १५४० च्या दशकातला
- १५८० चं दशक: नदीमुखाचा वाळूचा दांडा
- १५९० चं दशक: दारू देण्याचा कट्टा, आणि त्यावरून ती जागा
- १७वं शतक: संगीतलेखनातली उभी रेघ
- १९वं शतक: साबणाची वडी
- २०वं शतक: चॉकलेटचा बार, बार ग्राफ, बारकोड

क्रम लागला की निम्मी कोडी आपोआप सुटतात. दारूच्या बारवरून वकिलांचा बार निघाला असावा, असं विनोदाने नेहमी म्हटलं जातं. उतरंड सांगते, वकील आधी बसले.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, ‘सर्वांत जुनी नोंद’ म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. बोलण्यात तो आधीपासून असतो, कागदावर नंतर येतो, आणि तो कागद टिकून कोशकाराच्या हाती लागेपर्यंत आणखी काळ गेलेला असतो. दहा-वीस वर्षांच्या फरकावर कुठलाही सिद्धान्त उभारू नका.

दुसरं, स्पेलिंग. मध्य इंग्रजीत हा शब्द शेवटी जास्तीचा ‘आर’ आणि ‘ई’ लावून लिहिलेला सापडतो. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही आणि शब्दच नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

तिसरं, गूगल बुक्स. तिथल्या जुन्या पुस्तकांची सालं बऱ्याचदा चुकीची असतात. नियतकालिकाच्या प्रत्येक अंकाला पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं. मुखपृष्ठाचं पान उघडून साल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते वहीत घेऊ नका. शिवाय १८०० पूर्वीच्या छपाईत ‘एस’ हे अक्षर लांब काढत, ते यंत्राला ‘एफ’ वाटतं, आणि ‘सेट’ शोधायला गेलेल्याला ‘फेट’ सापडतो. गूगलच्या एनग्रॅमचा, म्हणजे कुठल्या साली शब्द किती छापला गेला ते दाखवणारा, आलेख सुंदर दिसतो, पण तो कट्टा आणि कठडा एकाच रेघेत मोजतो. अर्थांच्या कामाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

५. एका अर्थातून दुसरा कसा निघाला ते जोडा

उतरंड लागली तरी साखळी लागलेली नसते. दोन अर्थांमधला सांधा शोधायचा तर प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: जुन्या अर्थातली कुठली गोष्ट नव्यात उरली आहे? आकार, काम, जागा की माणसं?

आकार. अडसर लांब, अरुंद आणि घट्ट असतो. हा आकार उचलला की लगड, वडी, चॉकलेट, आलेखातले उभे खांब आणि पडद्यावरची पट्टी, सगळे एका ओळीत येतात. अडवण्याशी यांचा काही संबंध उरत नाही. बारकोड इथलाच. त्याचं पेटंट अमेरिकेत १९५२ मध्ये मिळालं आणि किराणा दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पुड्यावर. सैनिकी पदकाचा बारही आकाराचाच. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर दुसरं पदक न देता फितीवर धातूची आडवी पट्टी लावतात, आणि नावापुढे ‘अँड बार’ लिहितात. व्हिक्टोरिया क्रॉसवर, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकावर, अशी पट्टी आजवर तिघांनाच मिळाली आहे. (हे माहीत नसलेले भाषांतरकार इथे मद्यालय आणतात.)

काम. अडसराचं काम अडवणं. मराठी माणसाला हा सांधा समजावून सांगायलाच नको, कारण आपल्या भाषेने अगदी हेच केलं आहे. दाराचा ‘अडसर’ कामातला अडसर झाला. आडवी घातलेली काठी ‘आडकाठी’ झाली. इंग्रजीत याच वाटेने मज्जाव करणारं क्रियापद आलं, ‘सोडून’ या अर्थाचं अव्यय आलं आणि वाळूचा दांडा आला. तो दांडा जहाजांची वाट अडवतो. गंमत अशी की आपण त्याला नाव देताना काम नाही, आकार पाहिला.

शहराची वेसही अडवते. म्हणून इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात तटबंदीच्या दरवाजांना बार म्हणतात: मिकलगेट बार, बूथम बार. तिथे ‘गेट’ म्हणजे मात्र रस्ता, कारण यॉर्क ९व्या शतकात व्हायकिंगांच्या ताब्यात गेलं आणि त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत. यॉर्कचे रस्ते गेट, गेट बार, आणि बार पब, अशी तिथली जुनी थट्टा आहे. छोटा शब्द शोधताना गावांची आणि रस्त्यांची नावं जरूर चाळा. रोजच्या बोलण्यातून गेलेले अर्थ तिथे टिकून असतात.

जागा, आणि मग माणसं. हा सगळ्यात लांबचा प्रवास. लंडनमध्ये वकिली शिकवणाऱ्या चार संस्था आहेत: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. तिथल्या दिवाणखान्यात ज्येष्ठ सदस्य बाकांवर बसत आणि बाकीच्या सभागृहापासून त्यांना वेगळं करणारा कठडा असे. पुरेशी तयारी झालेल्या विद्यार्थ्याला वादात भाग घेण्यासाठी त्या कठड्यापाशी बोलावत. ‘कॉल्ड टू द बार’ या शब्दप्रयोगात ते बोलावणं अजून शिल्लक आहे. पुढे, साधारण १६०० नंतर, लोकांनी हा कठडा म्हणजे न्यायाधीशासमोरचाच असं धरलं. आज बहुतेक ठिकाणी तेच वाचायला मिळतं. ते पूर्ण खोटं नाही, कारण कोर्टातल्या कठड्यालाही बार म्हणतच होते. पण वकीलवर्ग या अर्थाचा उगम शोधायचा तर इन्सच्या दिवाणखान्यात जावं लागतं. मग कठड्यावरून तिथे उभे राहणारे लोक, आणि त्यांच्यावरून सगळा व्यवसाय. बार असोसिएशन, बार कौन्सिल इथूनच.

हा सांधा खरा मानावा का, हे तपासायचं असेल तर सारखी उदाहरणं शोधा. न्यायाधीशांचं ‘बेंच’ म्हणजे आधी बाक. संचालकांचा ‘बोर्ड’ म्हणजे आधी फळी, मग टेबल. ‘ब्यूरो’ तर त्याहून पुढे गेला: जाडंभरडं कापड, मग ते अंथरलेलं मेज, मग कचेरी. मराठीत ‘गादी’ आणि ‘खुर्ची’ यांनीही हाच रस्ता धरला. लाकडी सामानावरून माणसांकडे जाण्याची वाट इतकी मळलेली असेल तर ‘बार’ तिच्यावरून गेला यात नवल नाही. एकुलत्या एका उदाहरणावर उभा असलेला सांधा मात्र संशयाने बघावा.

दारूचा बारही जागेचाच. गिऱ्हाईक आणि पिंपं यांच्यामध्ये आडवा अडथळा, त्यावरून पेले सरकवायचे. आधी तो कट्टा बार, मग ती खोली बार, मग सगळं दुकान बार.

संगीतातला बार कुठे बसवाल? स्वरलिपीत आधी उभ्या रेघेला बार म्हणत, म्हणजे आकार. नंतर दोन रेघांमधल्या संगीताच्या तुकड्यालाच ते नाव गेलं. आता रेघेसाठी ‘बारलाइन’ असा जोडशब्द करावा लागतो. कुंपणाचं नाव वावराला पडावं, तसं.

६. भावंडं आणि तोतये वेगळे करा

आता ‘बार’ने सुरू होणारे किंवा पोटात ‘बार’ असलेले शब्द जमवा आणि प्रत्येकाची नोंद स्वतंत्रपणे उघडा. दिसण्यावर जाऊ नका.

खरी भावंडं थोडी निघतात. ‘बॅरियर’ आणि ‘बॅरिस्टर’ उघडच आहेत. ‘एम्बार्गो’ हे स्पॅनिशमधून आलेलं दूरचं भावंड; त्याच्या पोटात तोच ‘बार्रा’ आहे, म्हणजे व्यापाराला घातलेला अडसर.

तोतये पुष्कळ. ‘बार्बर’ लॅटिन ‘बार्बा’वरून, म्हणजे दाढीवरून. ‘बार्बेक्यू’ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे. धान्याचं कोठार या अर्थाचा ‘बार्न’ जुन्या इंग्रजीत ‘बेरे’ आणि ‘अर्न’ असा जोडशब्द होता: जवाचं घर. सगळ्यात फसवा ‘बॅरिकेड’. अर्थ अडथळा, आवाज सारखा, आणि तरी तो फ्रेंच ‘बारिक’वरून, म्हणजे पिंपावरून आला आहे. पॅरिसच्या रस्त्यांत पिंपं माती-दगडांनी भरून आडवी लावत. १२ मे १५८८ चा दिवस इतिहासात ‘बॅरिकेडांचा दिवस’ म्हणूनच ओळखला जातो.

अर्थ आणि आवाज दोन्ही जुळूनही नातं नसू शकतं, हे ‘बॅरिकेड’ एकदा पाहिलं की पक्कं डोक्यात बसतं.

७. मराठीशी नातं लावताना हात आखडता घ्या

मराठी वाचकाला इथे मोह आवरत नाही. कोर्टाचा बार आणि आपला ‘दरबार’, दोन्हीकडे न्याय, मग एकच ना? नाही. ‘दरबार’ फारसीतून आला. त्यातला ‘दर’ म्हणजे दार. इंग्रजी बार फ्रेंचमधून आला. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. बंदुकीचा बार उडतो तो आणखी तिसरा, आणि फळझाडांचा बहार बोलताना ‘बार’ होतो तो चौथा. असा मोह झाला की मोल्सवर्थ उघडा. शब्द फारसी, अरबी की संस्कृत, याची खूण तिथे मिळते आणि बहुतेक हवाई नाती तिथेच गळून पडतात.

मग खरं नातं ओळखायचं कसं? एका शब्दाच्या साम्यावर कधीच नाही. दोन भाषांमध्ये एकाच जागी एकाच प्रकारचा ध्वनिबदल अनेक शब्दांत दिसला पाहिजे. आणि आता त्या वेगळ्या पानावरच्या परक्याला, दाबाच्या बारला, बोलवायची वेळ आली.

हे एकक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी ठरवून बनवलं. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल. समुद्रसपाटीवरचा प्रमाण हवादाब १०१३.२५ मिलिबार. नाव घेतलं ग्रीक ‘बारोस’वरून, म्हणजे वजन. ‘बॅरोमीटर’ त्याच शब्दावरून. जड या अर्थाच्या ‘बारुस’वरून खर्जाकडे झुकणारा ‘बॅरिटोन’ आवाज आणि ‘बेरियम’ हे मूलद्रव्य.

ग्रीकमध्ये जिथे ‘ब’ येतो, तिथे ठरावीक शब्दांत संस्कृतात ‘ग’ येतो. गाय: ग्रीक ‘बूस’, संस्कृत ‘गो’. जाणे: ग्रीक ‘बाइनो’, संस्कृत ‘गम्’. आणि जड: ग्रीक ‘बारुस’, संस्कृत ‘गुरु’. तीन जोड्या, एकच बदल. लॅटिन ‘ग्राविस’ही त्याच घरातला, म्हणून इंग्रजीत ‘ग्रॅव्हिटी’ आणि मराठीत ‘गुरुत्वाकर्षण’ हे नुसतं भाषांतर नसून दूरचे चुलतभाऊ आहेत.

म्हणजे ‘दरबार’शी सारखा दिसणारा बार आपला कुणी नाही, आणि ‘गुरू’शी वरवर काहीच न जुळणारा टायरमधला बार आपल्या नात्यातला निघतो.

८. ऐकीव कथांना चार प्रश्न विचारा

छोट्या शब्दांवर कथा फार. ‘बार’ची सर्वांत फिरणारी कथा अशी की हा शब्द ‘ब्रिटिश अ‍ॅक्रेडिटेशन रजिस्ट्री’ या नावाची आद्याक्षरं आहे आणि सगळे वकील गुपचूप तिचे सभासद असतात. अशा कथेला क्रमाने विचारा:

१. कथेतला काळ आणि कोशातली तारीख जुळते का? वकीलवर्ग या अर्थाने बार १६व्या शतकात आहे.
२. त्या काळी असे शब्द बनत होते का? आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. ‘रडार’, ‘लेझर’ हे खरे नमुने. त्याआधीच्या शब्दाला आद्याक्षरांची कथा जोडली असेल तर ती जवळजवळ हमखास खोटी.
३. शब्दाचे बाकीचे अर्थ कथेत बसतात का? रजिस्ट्रीतून साबणाची वडी निघत नाही.
४. कथेसोबत त्या काळातलं एक तरी वाक्य दिलं आहे का?

बक्षिसीच्या ‘टिप’लाही ‘तत्पर सेवेची हमी’ अशा अर्थाचा इंग्रजी विस्तार चिकटवतात. दुसऱ्याच प्रश्नावर तो पडतो.

संगणकावरच्या बोलक्या सहायकांना विचारलंत तर उत्तर मिळेल, पण ते टिपण म्हणून वापरू नका. त्यांनी दिलेली तारीख आणि मूळ कोशात डोळ्यांनी पाहा. ऐकीव कथा त्यांनीही वाचलेल्या असतात.

९. टिपण लिहा

पाच-सहा ओळी पुरतात. क्रम असा ठेवा: वेगळे शब्द किती, प्रत्येकाचं मूळ आणि ते कुठपर्यंत नक्की, अर्थांची साखळी, नाकारलेल्या समजुती. ‘बार’चं टिपण असं होईल:

“बार १: जुन्या फ्रेंचमधून, १२व्या शतकाच्या अखेरीस; त्यामागे बोली लॅटिन ‘बार्रा’ (पुनर्रचित), पुढे अनिश्चित. मूळ अर्थ अडसर. आकारावरून लगड, वडी, पट्टी, स्वरलिपीतली रेघ. कामावरून मज्जाव, वेस, वाळूचा दांडा, ‘सोडून’. जागेवरून कठडा, त्यावरून वकीलवर्ग, आणि कट्टा, त्यावरून मद्यालय. बार २: दाबाचं एकक, २०वं शतक, ग्रीक ‘बारोस’, संस्कृत ‘गुरु’शी सजातीय. नाते नाही: बॅरिकेड, बार्न, दरबार. आद्याक्षरांची कथा खोटी.”

टिपणात ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांतला फरक पुसू नका. महिन्याभराने स्वतःचीच वही उघडाल तेव्हा कुठला सांधा कोशात वाचलेला आणि कुठला स्वतः जोडलेला, हे आठवणार नाही. त्यासाठी स्वतः जोडलेल्या सांध्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा.

पुढचा शब्द म्हणून ‘फाइन’ घ्या. छान आणि दंड हे दोन टोकाचे अर्थ पाहून दोन वेगळे शब्द असतील असं वाटेल. दुसरी पायरी नीट केलीत तर दोघंही लॅटिन ‘फिनिस’च्या, म्हणजे शेवटाच्या, दारात उभे सापडतील. मग ‘बँक’ घ्या, नदीचा आणि पैशांचा. ‘सेट’च्या वाटेला मात्र इतक्यात जाऊ नका: ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीतली सर्वांत लांब नोंद त्या क्रियापदाचीच आहे.